धागा: स्वयंप्रतिकारामुळे होणारा स्वादुपिंडदाह आणि त्याच्यासोबत येणारा मधुमेह

वेदगंगाकाठ

सर्व सभासदांना नमस्कार. वडिलांच्या आजाराबद्दल एक नेमका प्रश्न विचारायचा आहे. वडील ६६ वर्षांचे आहेत, निपाणी तालुक्यातील आमच्या गावी शेती करतात आणि आयुष्यात कधी दारूला शिवलेले नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांचे वजन उतरू लागले, तहान वाढली आणि जेवणानंतरची साखर ३०० च्या वर निघाली. आमच्या घराण्यात मधुमेह कुणालाच नाही. गोळ्या सुरू झाल्या, पण थोड्याच दिवसांत डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, शौचाचा रंग पांढुरका झाला आणि रात्रभर अंगाला खाज सुटू लागली. पोटात मात्र अजिबात दुखत नव्हते.

भाऊबंदांचा आग्रह होता की काविळीचे झाडपाल्याचे औषध नाकात घालून आणावे. आम्ही त्याआधी सोनोग्राफी आणि मग सीटी स्कॅन करून घेतला. त्यात संपूर्ण स्वादुपिंड सुजलेले आणि पित्तनलिका खालच्या टोकाला आवळलेली दिसली. एका शल्यचिकित्सकांनी कर्करोगाची शक्यता सांगून मोठ्या शस्त्रक्रियेची तयारी ठेवायला सांगितले. दुसऱ्या पोटविकारतज्ज्ञांनी घाई न करता रक्तातील आयजीजी ४ (एका प्रकारचे प्रतिद्रव्य) ही तपासणी करवली. ती ४१० आली. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमधून सुईने घेतलेल्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत. आता निदान स्वयंप्रतिकारजन्य स्वादुपिंडदाह, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडावर हल्ला केल्यामुळे आलेली सूज, असे आहे आणि रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करायचे ठरले आहे.

प्रश्न असा की, वडिलांची साखर या आजारामुळेच वाढली का? आणि स्टेरॉइडने साखर वाढते हे सर्वांना ठाऊक असताना, मधुमेह असलेल्या माणसाला स्टेरॉइड देणे कितपत योग्य? आजार आटोक्यात आला, तर मधुमेहही जाईल का?

राकसकोप

मी बेळगावात अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला आहे. आपल्या वडिलांना प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे उपचार सांगणार नाही, परंतु आजाराचे स्वरूप समजावून सांगू शकतो.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते आणि त्याला दोन कामे असतात. त्याचा बहुतांश भाग पाचकरस तयार करतो. त्या भागात विखुरलेल्या पेशींच्या लहान लहान बेटांमधून साखर उतरवणारे इन्सुलिन आणि ती वाढवणारे ग्लुकॅगॉन रक्तात सोडले जातात. ही बेटे पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये प्रथम वर्णन केली. वजनाने ती संपूर्ण ग्रंथीच्या एकदोन टक्केच भरतात. १८८९ मध्ये मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला तीव्र मधुमेह झाला. स्वादुपिंडाचा आणि साखरेचा संबंध तेव्हापासून प्रयोगाने सिद्ध आहे.

स्वयंप्रतिकारजन्य स्वादुपिंडदाहाचे दोन प्रकार आहेत; वडिलांच्या बाबतीत ज्याची शंका आहे, त्याला पहिला प्रकार म्हणतात. तो साठीच्या आसपासच्या पुरुषांत अधिक आढळतो. त्यात रोगप्रतिकारक पेशी ग्रंथीत घुसतात, तंतुमय ऊती वाढते, लहान शिरा बुजतात, आणि पित्तनलिका ग्रंथीच्या डोक्यातून जाते तेथे ती दाबली जाऊन वेदनारहित कावीळ होते. त्या सुजेत आणि तंतूंत बेटेही अडकतात, त्यांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इन्सुलिन पुरेसे पडत नाही. निदानाच्या वेळी निम्म्याच्या आसपास रुग्णांत मधुमेह असतो, आणि तो कधी कधी काविळीच्या आधीच दिसतो. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'होय' असे आहे.

दुसऱ्या प्रश्नाविषयी. स्टेरॉइडचा साखरेवर दुहेरी परिणाम होतो. औषध म्हणून ते साखर वाढवते, हे खरे. परंतु सूज उतरल्यामुळे बेटांना मोकळीक मिळते, आणि काही रुग्णांत औषधाची मात्रा कमी होत गेल्यावर साखर पूर्वीपेक्षा चांगली राहते. ज्यांची ग्रंथी आधीच आक्रसून गेली आहे, त्यांची बेटे परत येत नाहीत आणि मधुमेह कायम राहतो. वडिलांचा मधुमेह नुकताच सुरू झालेला आहे आणि ग्रंथी सुजलेली आहे, आक्रसलेली नाही, ही जमेची बाजू आहे. पण आजच हमी देता येत नाही. उपचाराविना राहिल्यास मात्र पित्तनलिका कायमची आवळली जाण्याचा आणि उरलेली बेटेही नष्ट होण्याचा धोका राहतो. साखर वाढते म्हणून स्टेरॉइड टाळणे हे यावरचे उत्तर नव्हे. साखरेसाठी आवश्यक तर इन्सुलिन द्यावे आणि मूळ आजाराचे औषधही द्यावे.

शहापूरचे गुरुजी

डॉक्टरसाहेब, आपण 'स्वयंप्रतिकार' म्हणता. पहिल्या प्रकारचा मधुमेह हाही शरीराने स्वतःवर केलेला हल्लाच असतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. मग हे दोन्ही एकच झाले का?

राकसकोप

नाही, गुरुजी. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हल्ला नेमका इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर होतो, पाचकरसाचा भाग बव्हंशी वाचतो, आणि रक्तात जीएडी, आयए २ यांसारखी प्रतिद्रव्ये सापडतात. स्वयंप्रतिकारजन्य स्वादुपिंडदाहात हल्ल्याचे लक्ष्य पाचकरसाची ग्रंथी आणि तिच्या नलिका असतात. बेटे त्यात भरडली जातात. अशा मधुमेहाला 'टाइप ३ सी' म्हणतात, म्हणजे स्वादुपिंडाच्या आजारातून उद्भवलेला मधुमेह. ही प्रतिद्रव्ये त्यात सहसा नसतात. एकाच व्यक्तीला दोन्ही आजार होणे अशक्य नाही, पण विरळ आहे.

टिळकवाडीकर

मला थोडे वेगळे सांगायचे आहे आणि त्यामागे वेदगंगाकाठ यांच्या वडिलांवर संशय घेण्याचा हेतू नाही. आपल्या भागात स्वादुपिंडाला सूज येण्याची दोन मोठी कारणे पित्ताचे खडे आणि दारू ही आहेत. रक्तातील ट्रायग्लिसराइड १००० च्या पुढे गेल्यानेही होते, कॅल्शियम वाढल्याने होते, काही औषधांनी होते. इतकी सामान्य कारणे असताना एखाद्या विरळ आजाराचे नाव घेऊन महागड्या तपासण्या करणे मला पटत नाही. शिवाय दारू पिणारे बरेच लोक घरच्यांना खरे सांगत नाहीत, हा माझा परिचितांमधला अनुभव आहे.

वेदगंगाकाठ

दादा, आपला मुद्दा समजतो. परंतु ज्या घरात माणूस माळकरी आहे आणि दर आषाढीला पंढरीची वारी करतो, त्या घरातल्या आईला दवाखान्याच्या दारात पुन्हा पुन्हा "खरे सांगा, घेत होते ना?" असे विचारले गेले, तेव्हा तिला काय वाटले असेल, याचा विचार आपण करावा. पित्ताशयात खडे नव्हते, ट्रायग्लिसराइड १६० होते, कॅल्शियम ठीक होते. विरळ कारणाकडे आम्ही सामान्य कारणे संपल्यावरच वळलो.

तंबाखूपेठ

मी निपाणीचाच. वडिलांना विडीचे व्यसन असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दारू न पिणाऱ्यांतही धूम्रपानामुळे दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाचा धोका वाढतो, आणि आमच्याकडे विडीला कुणी व्यसन मानतच नाही. तंबाखूच्या वखारीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या कुटुंबांना हे कुणीतरी नीट सांगितले पाहिजे.

प्रयोगशाळा

टिळकवाडीकर यांच्या आक्षेपात काही तथ्य आहे, म्हणून तपासणीच्या बाजूने लिहितो. मी रोगनिदान प्रयोगशाळेत काम करतो. आयजीजी ४ ची वरची मर्यादा साधारण १३५ ते १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात. केवळ १६० किंवा १८० आले म्हणून निदान होत नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांतही हा आकडा थोडा वाढलेला दिसतो. मर्यादेच्या दुपटीहून वर गेलेला आकडा अधिक भरवशाचा. ४१० हा दुपटीच्याही वर आहे, तरीही एकटा आकडा पुरेसा नाही.

म्हणूनच २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निकष ठरले. त्यांत सीटी किंवा एमआरआयमधले ग्रंथीचे आणि नलिकेचे रूप, रक्तातील आयजीजी ४, इतर अवयवांतील खुणा, तुकड्याची तपासणी आणि स्टेरॉइडला मिळालेला प्रतिसाद यांचा एकत्रित विचार होतो. कर्करोगाची खूण म्हणून रक्तात मोजतात त्या सीए १९-९ या तपासणीवरून कुणी घाबरू नये, कारण पित्तनलिका तुंबली की कर्करोगाशिवायही तो आकडा वाढतो. आणखी एक बाब फारशी माहीत नसते. आयजीजी ४ प्रचंड प्रमाणात असेल तर यंत्र कधी कधी खोटा कमी आकडा दाखवते, आणि नमुना पातळ करून पुन्हा मोजावा लागतो. लक्षणे आणि स्कॅन पूर्ण जुळत असूनही आकडा कमी आला, तर प्रयोगशाळेला हे आवर्जून विचारावे.

शहापूरचे गुरुजी

हा आजार सापडला कधी, हे मी थोडे वाचले, ते येथे नोंदवतो. १९६१ मध्ये फ्रान्समधील सार्ल आणि सहकाऱ्यांनी रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन वाढलेल्या एका वेगळ्या स्वादुपिंडदाहाचे वर्णन केले. १९९५ मध्ये जपानच्या योशिदा यांनी त्याला आजचे नाव दिले. २००१ मध्ये जपानमधल्याच हामानो यांनी अशा रुग्णांत आयजीजी ४ वाढलेले असते, हे दाखवले. हे कळण्याआधी कर्करोग समजून ज्यांचे स्वादुपिंड कापले गेले, त्यांच्यापैकी काहींच्या तुकड्यांत नंतर हाच आजार निघाला. इतक्या अलीकडचे हे ज्ञान आहे, तेव्हा ते सर्वत्र पोहोचायला वेळ लागणारच.

राकसकोप

गुरुजींच्या माहितीत भर घालतो, कारण येथे दोन्ही बाजूंनी नुकसान होऊ शकते. कर्करोग नसताना शस्त्रक्रिया होणे वाईटच. पण कर्करोग असताना "आधी स्टेरॉइड देऊन पाहू" म्हणत दिवस घालवणे त्याहून वाईट. पन्नाशीनंतर अचानक आलेला मधुमेह, उतरणारे वजन आणि कावीळ ही कर्करोगाचीही लक्षणे आहेत. त्यामुळे तुकड्याची तपासणी झाल्यावरच, आणि सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करण्याचे ठरवूनच, स्टेरॉइडची चाचणी घेतात. सूज ठळकपणे उतरली तर निदान बळकट होते. उतरली नाही, तर निदानाचा मुळापासून पुन्हा विचार करावा लागतो. वेदगंगाकाठ, आपल्या डॉक्टरांनी दुसऱ्या स्कॅनची तारीख दिली नसेल, तर ती मागून घ्या.

वडिलांच्या जबड्याखाली किंवा कानाजवळ सूज आहे का, तोंड आणि डोळे कोरडे पडतात का, हेही पाहा. हा आजार लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, पित्तनलिका आणि मूत्रपिंड यांतही दिसतो.

वेदगंगाकाठ

डॉक्टरसाहेब, तुमचे वाचून आत्ताच वडिलांच्या हनुवटीखाली हात लावून पाहिला. दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या, न दुखणाऱ्या गाठी आहेत. आई सांगते की त्या बऱ्याच काळापासून आहेत आणि दाढेमुळे असतील, असे समजून कुणी लक्ष दिले नव्हते. उद्याच तज्ज्ञांना दाखवतो.

मलप्रभा

मी खानापूर तालुक्यातली, वय ३१. माझा आजार थोडा वेगळा आहे, म्हणून लिहिते. मला आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. एके दिवशी पोटात वरच्या भागात इतके भयंकर दुखले की सरळ उभे राहता येईना; ते दुखणे पाठीत घुसत होते. रक्तातील लायपेज हे स्वादुपिंडाचे विकर (एन्झाइम) खूप वाढले होते. आयजीजी ४ मात्र सामान्य निघाले. मी तेव्हा अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेत होते आणि त्या औषधामुळेही स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून ते आधी थांबवले. तरीही ग्रंथी सुजलेलीच राहिली. शेवटी तुकड्याच्या तपासणीत स्वयंप्रतिकारजन्य स्वादुपिंडदाहाचा दुसरा प्रकार निघाला.

मला जे समजावले गेले ते असे: दुसरा प्रकार तरुण वयात, स्त्री-पुरुष दोघांत सारखा, आणि पुष्कळदा आतड्याच्या अशा आजारासोबत येतो. त्यात आयजीजी ४ वाढत नाही आणि इतर ग्रंथी सुजत नाहीत. स्टेरॉइडने तो चटकन उतरतो आणि परत येण्याचे प्रमाण कमी असते. माझ्या साखरेवर उपचारांच्या काळात परिणाम झाला, पण नंतर ती पूर्ववत झाली. कोलायटिस असलेल्या कुणाच्याही पोटदुखीला "आतड्याचेच असेल" म्हणून सोडून देऊ नका, एवढे सांगावेसे वाटते.

अथणीकर

माझा धाकटा भाऊ ऊसतोडणीला जात असे. विशीतच त्याला पोटदुखी आणि साखर दोन्ही लागले. त्याच्या स्वादुपिंडात खडे सापडले. साध्या एक्स-रेमध्येही ते पांढरे दिसत होते. तोही दारू पीत नव्हता. हा त्याचा आजार या धाग्यातलाच समजायचा का?

राकसकोप

अथणीकर, आपण विचारलेत ते महत्त्वाचे आहे. आपल्या भावाचा आजार बहुधा 'फायब्रोकॅल्क्युलस' म्हणतात त्या जातीचा असावा. उष्ण कटिबंधात, विशेषतः दक्षिण भारतात, तो अधिक आढळतो, आणि केरळात त्याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यात नलिका रुंदावतात, मोठे खडे होतात, ग्रंथी आक्रसते आणि तरुण वयात मधुमेह होतो. पूर्वी टॅपिओकाच्या आहाराला दोष दिला जाई. पुढे एसपीआयएनके १ या जनुकातील बदलाचा संबंध अनेक रुग्णांत दिसला. हा स्वयंप्रतिकाराचा आजार मानत नाहीत, आणि त्यावर स्टेरॉइडचा उपयोग नाही. उलट स्वयंप्रतिकारजन्य सुजेत सुरुवातीला खडे सहसा नसतात. दोघांचा मधुमेह मात्र एकाच जातीचा, म्हणजे टाइप ३ सी. मूळ आजाराचे उपचार पूर्ण वेगळे असल्यामुळेच मधुमेह दिसल्यावर त्याचे मूळ शोधावे लागते.

हिरण्यकेशी

मी संकेश्वर परिसरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. टाइप ३ सी च्या रुग्णांना नेहमीच्या मधुमेहाचा तक्ता दिला जातो आणि त्यांचे हाल होतात, याची मला फार खंत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

या रुग्णांत इन्सुलिनबरोबर ग्लुकॅगॉनही कमी पडते. साखर खाली जाऊ लागली की ती वर खेचणारे हे संप्रेरक. तेच नसल्यामुळे साखर एकदम खाली जाते. इन्सुलिन घेऊन जेवण लांबवणे यांच्यासाठी धोक्याचे आहे. एकादशी, श्रावणी सोमवार किंवा पर्युषणातील उपवास करायचा असेल, तर इन्सुलिनची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. शेतावर जाताना खिशात ग्लुकोजची पूड किंवा साखर ठेवावी. घाम सुटून हातपाय कापू लागले तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर मोजावी आणि मग भाकरी खावी. करदंट किंवा कुंदा त्या वेळी उपयोगाचा नाही, कारण त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

दुसरी बाब पचनाची. शौच चिकट, दुर्गंधीयुक्त आणि तेलकट होत असेल, पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहत असेल, तर पाचकरस कमी पडत आहे. शौचातील इलास्टेज (स्वादुपिंडाचे एक विकर) ही तपासणी करावी. २०० पेक्षा कमी आकडा संशयास्पद, १०० पेक्षा कमी म्हणजे कमतरता ठळक. अशा वेळी पुष्कळ घरांत तेल-तूप पूर्ण बंद करतात आणि माणूस आणखी खंगतो. योग्य उपाय म्हणजे पाचक विकरांच्या कॅप्सूल. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण मोठे असेल तर अर्ध्यावर आणखी एक, चावायच्या नाहीत, आणि जेवण संपल्यावर घेतल्या तर त्यांचा उपयोग फारसा होत नाही. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाबरोबर शोषली जात असल्यामुळे त्यांचीही तपासणी हवी. कॅप्सूल सुरू झाल्या की अन्न नीट पचू लागते आणि साखर आधीपेक्षा वाढू शकते. हे आधी माहीत असले म्हणजे घरचे गोंधळत नाहीत.

दूधगंगा

हिरण्यकेशीताई, आमचे घर चिक्कोडी तालुक्यातले, जैन. माझ्या सासूबाईंना दीर्घकालीन स्वादुपिंडदाह आहे. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात, असे औषधाच्या दुकानात कळल्यावर त्यांनी त्या घ्यायचे नाकारले आणि आम्हालाही त्यांच्यावर जबरदस्ती करता येत नाही. दुसरे काही आहे का?

हिरण्यकेशी

ताई, सासूबाईंच्या भावनेचा पूर्ण आदर ठेवून सांगते. परिणाम नीट सिद्ध झालेल्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासूनच तयार होतात, हे खरे आहे आणि ते रुग्णापासून लपवू नये. बुरशीपासून केलेली विकरे मिळतात, पण आतड्यातील पित्तात ती लवकर निकामी होतात, त्यामुळे स्निग्धांश पचवण्यास ती पुरी पडत नाहीत. त्यांचा निर्णय पक्का असेल, तर थोडे थोडे पाच-सहा वेळा खाणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने मध्यम शृंखलेची मेदाम्ले असलेले तेल, आणि जीवनसत्त्वांची इंजेक्शने किंवा थेंब, हा मार्ग उरतो. दर महिन्याला वजन मोजा. माझ्याकडच्या काही कुटुंबांनी औषध म्हणून प्रायश्चित्तपूर्वक घेण्याबाबत आपल्या महाराजांना विचारून निर्णय घेतला. तेही करून पाहता येईल. इन्सुलिनबद्दल मात्र शंका नको. आजचे मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करवून घेतात, ते प्राण्यांपासून काढलेले नसते.

दूधगंगा

मनापासून आभार. इन्सुलिनबद्दलची शंका त्यांनाही होती. ती दूर झाली तरी आमचे निम्मे ओझे उतरेल.

टिळकवाडीकर

वरील माहिती वाचून माझा तपासण्यांवरचा आक्षेप मी मागे घेतो. दारूविषयी प्रश्न विचारण्याची गरज मात्र मला अजूनही वाटते, तो आदराने विचारला जावा, एवढेच. एक शंका उरते. गावाकडे स्टेरॉइड म्हटले की लोक दोन टोकांना जातात. कुणी भीतीने घेत नाही, तर कुणी बरे वाटताच सोडून देतो. याबाबत काय करावे?

राकसकोप

अगदी योग्य प्रश्न. स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आणि क्षयरोग यांची तपासणी आपल्या देशात अत्यावश्यक आहे, कारण दबलेला संसर्ग उसळू शकतो. सुरुवातीची मात्रा साधारण चार आठवडे देऊन, मग दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने कमी करत नेण्याची पद्धत रूढ आहे; जपानमध्ये थोडी मात्रा पुढे दीर्घकाळ चालू ठेवतात. अचानक बंद केल्यास शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी वेळेवर जाग्या होत नाहीत आणि रक्तदाब कोसळू शकतो. या स्वादुपिंडदाहाच्या पहिल्या प्रकारात सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आजार परततो. त्यांना पुन्हा स्टेरॉइड, किंवा रिटुक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध द्यावे लागते. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबत असावे.

साखरेबाबत एक नेमकी सूचना. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन दुपारनंतर आणि संध्याकाळी साखर वाढवते. उपाशीपोटीची साखर ११० पाहून समाधान मानले जाते आणि रात्रीच्या जेवणाआधीची ३५० कुणी मोजतच नाही. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणापूर्वी मोजावे. स्टेरॉइडची मात्रा उतरते तसे इन्सुलिनही उतरवावे लागते, नाहीतर साखर फार खाली जाते. शिवाय मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातील गोळ्या आणि जीएलपी १ गटातील इंजेक्शने यांबाबत, स्वादुपिंडदाह होऊन गेलेल्या रुग्णात सावध राहतात. वडिलांच्या सध्याच्या गोळ्यांत त्यांपैकी काही आहे का, हे विचारून घ्यावे.

वेदगंगाकाठ

सर्वांना कळवण्यासाठी लिहितो. लाळग्रंथींच्या गाठी पाहून तज्ज्ञांनी निदानाला दुजोरा मिळाल्याचे सांगितले. आधीच्या गोळ्यांत ग्लिप्टिन होते, ते बंद करून इन्सुलिन दिले. स्टेरॉइड सुरू झाल्यावर खाज पहिल्यांदा थांबली, मग डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. दुसऱ्या स्कॅनमध्ये ग्रंथीची सूज बरीच कमी झाली असून पित्तनलिका मोकळी झाली आहे. संध्याकाळची साखर मध्यंतरी फार वाढली होती, आणि राकसकोप यांनी सांगितलेल्या वेळी मोजल्यामुळेच ती लक्षात आली. आता स्टेरॉइडची मात्रा निम्म्यावर आली आहे आणि इन्सुलिनही कमी करावे लागले आहे. मधुमेह पूर्ण जाईल की नाही, हे स्टेरॉइड थांबल्यानंतर काही महिन्यांनीच ठरेल, असे डॉक्टर म्हणतात.

आता धाकट्या भावाचा प्रश्न: आम्हा मुलांनीही आयजीजी ४ तपासून घ्यावे का?

राकसकोप

फार आनंद झाला. लक्षणे नसताना मुलांनी आयजीजी ४ तपासण्याची गरज नाही. हा आजार बापाकडून मुलाकडे सरळ जाणारा नाही, आणि निरोगी माणसातही आकडा थोडा वाढलेला निघून विनाकारण काळजी लागते. वडिलांच्या बाबतीत मात्र केवळ या आकड्यावर लक्ष ठेवू नका. तो कित्येकदा वाढलेलाच राहतो. कावीळ, वजन, साखर, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि ठरलेल्या वेळचा स्कॅन यांवरून आजार परतला का ते ठरवतात. अथणीकर यांच्या घरी गोष्ट वेगळी आहे. तरुण वयात खडे झालेल्या रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी साखर आणि पोटाची सोनोग्राफी एकदा करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

अथणीकर

धाकट्या बहिणीला अधूनमधून पोटात दुखते, ते आम्ही पित्तावर ढकलत होतो. या शनिवारी तिला घेऊन बेळगावला येतो. भावाच्या एक्स-रेचे पाकीट सोबत आणू का?

राकसकोप

जरूर आणा. त्याच्या जुन्या साखरेच्या नोंदीही आणा, आणि बहिणीला उपाशीपोटी घेऊन या.